दोन डाग

विट्याहून पहाटेची पहिली गाडी.
मुलाणी कंडक्टर सीटखाली वाकून बघतो :
"द्वारकाकाकू, डाग किती?"
दोन. एक बांगड्यांची पेटी, एक हा.
"हा डाग श्वास घेतोय की!"
घेऊ दे. पेटीपेक्षा हलकाच आहे.
मशीन किरकिरतं, लगेजचं तिकीट बाहेर येतं,
बिल्वर ते हुंगून घेतो,
सुट्टे बरोबर आलेत का बघितल्यासारखा.

उजव्या पुढच्या पायात पांढरं कडं, जन्माचं,
मी भरलेलं नाही. म्हणून बिल्वर.
बाकी अंग चहा सांडल्यासारखं.

जत्रेला कुत्रं कशाला, म्हणतात लोक.
माणसं तरी कशाला जातात?
हिंडायला, भज्यांपाशी रेंगाळायला,
ओळखीचं कुणी दिसलं की उगाच गळ्यात पडायला.
हे सगळं त्याला माझ्यापेक्षा बरं जमतं.

आटपाडीकडच्या एका माळावर कुत्र्यांची शर्यत होती.
जतकडची आलेली, कंबर मुठीत मावेल अशी,
पाठीवर शाली, जीपमधून उतरलेली,
मालक त्यांना अंडी सोलून भरवत होते.
पाळणेवाल्याच्या नवनाथनं
माझ्या गल्ल्यातले शंभर भरून नाव घातलं,
मला भोंग्यावरून कळलं :
"पाच नंबर, विट्याचा बिल्वर!"
मी एका नवरीला हिरवा चुडा भरत होते.
भरता हात अर्ध्यावर सोडू नये.

अर्ध्या माळापर्यंत तिसरा होता म्हणे.
मग नवरीनं हात हलवून चुडा वाजवून बघितला
आणि तिकडं पाच नंबर थांबला. कान उभे.
वळला, आख्खी शर्यत उलटी पळत आला
थेट माझ्या पेटीपाशी.
"बिल्वर खरेदीला गेला!" भोंगेवाला म्हणाला.
माळ हसला. नवरी हसली.
नवनाथकडून शंभर अजून घेतलेले नाहीत मी,
त्या दिवशी चुडे संपले होते.

सांगलीच्या प्रदर्शनाला गेलो ते पुतणीच्या हट्टानं.
तिथली कुत्री पावडर लावलेली,
एकाला तर टेबलफॅन.
फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, "वय?"
नऊ. आषाढात दहा.
"जात?"
मी म्हटलं, त्याची का माझी?
पेन थांबलं. कान लाल झाले बिचाऱ्याचे.
मग त्यानं लिहिलं : स्थानिक.
म्हटलं, माझीही तीच लिही.
परीक्षकबाईंनी कड्यावरून बोट फिरवलं :
"हे रंगवलंय?"
बिस्किटांचा पुडा मिळाला, उत्तेजनार्थ.
प्रमाणपत्र बिल्वरनं एसटीत खाल्लं.

शोभेची दारू सुटते त्या रात्री मात्र
त्याला पेटीतल्या गवतात घालते, वर गोणपाट,
त्याला टेकून मी, खुडूक कोंबडीसारखी.
गिऱ्हाईक आलं तर बसूनच हात भरते.
मांडीला त्याची थरथर लागते.
गिऱ्हाईक नसलं तरी
बांगड्या वाजवत बसते.

पौषात पालीला गेलो, खंडोबाच्या लग्नाला.
तिथं कुणी विचारत नाही, कुत्रं कशाला.
फोटोवाल्याच्या दुकानात देव, देवाचा घोडा
आणि घोड्यापाशी कुत्रं.
बिल्वरनं फ्रेम हुंगली,
ओळख पटली नाही बहुतेक, पुढं गेला.
येळकोट उठला, भंडारा उधळला,
बिल्वर सात वेळा शिंकला.

तोंड पांढरं पडलंय त्याचं या दोन वर्षांत.
कासाराच्या घरात बांगडी फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
म्हातारा झाला, असं मीही म्हणत नाही.
आणि आता तर पांढरं दिसतच नव्हतं,
कानापर्यंत पिवळा,
आठवडाभर तरी नवरदेवासारखा तरणा.

परतीच्या गाडीत मुलाणी नव्हता.
नवी पोरगी, खाकीला इस्त्रीची घडी.
"मावशी, सामान?"
दोन डाग, म्हटलं.
त्यातला एक हळदीचा.